लिनक्सची डीव्हीडी जुन्या डेस्कटॉपवर बूट होते, नव्या लॅपटॉपवर मात्र थेट विंडोजच सुरू होतं. मित्र म्हणतो डिस्क खराब आहे, परत राइट कर. पेन ड्राइव्हने काम होईल का?

परत राइट करू नका. जुन्या डेस्कटॉपवर चालणारी डिस्क लॅपटॉपात घातल्याबरोबर खराब कशी होते, हे आधी त्या मित्राला विचारा. बूट ऑर्डर (मशीनने आधी कोणत्या डिव्हाइसवरून सुरू व्हायचं तो क्रम) वगैरे तुम्ही पाहिलीच असेल, त्यात शिरत नाही.

इतकं तडकून लिहितोय, कारण हेच नाटक मी घरात पाहिलंय. मामीच्या लॅपटॉपवरचं विंडोज ८ रांगायला लागलं होतं. तिला मेल आणि व्हिडिओ कॉल एवढंच हवं, म्हणून लिनक्स टाकायचं ठरलं. काम मामेभावाने अंगावर घेतलं. दादा माझ्यापेक्षा मोठा, आणि घरात कुठलंही मशीन बिघडलं की हाक त्यालाच जाते. त्याने डीव्हीडी राइट केली, घातली, विंडोज आलं. दुसरी केली, तेच. मग स्पीड कमी करून, मग दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर. विंडोज आपलं दर वेळी हजर.

मी शेजारी बसून ड्राइव्हकडे बघत होतो. पॉवरचं बटण दाबलं की ट्रेवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, डिस्क घरघरत वेग घ्यायची, क्षणभर दिवा स्थिर राहायचा, विझायचा, आणि मग स्क्रीनवर ठिपक्यांचं ते चक्र. मी म्हटलं, "दादा, ड्राइव्ह डिस्क वाचतोय. मशीनलाच ती चालत नाहीये." तो म्हणाला, "तू गप रे, लेन्स गेलीये." मग त्याने खालचा स्क्रू काढून ड्राइव्ह उपसला आणि स्वतःच्या लॅपटॉपचा तिथे बसवला. काही फरक नाही. त्याबरोबर निदान लेन्सवरून मदरबोर्डवर गेलं. मामी बिचारी दारातून विचारत होती, "अरे, माझे फोटो आहेत ना जागेवर?"

खरी गोष्ट अशी होती. डिस्कवरून बूट कसं व्हायचं याचा नियम १९९५ सालचा आहे, फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी मिळून केलेला, 'एल टोरिटो' नावाचा. डिस्कचे २०४८ बाइटचे सेक्टर धरले, तर शून्यापासून मोजून सतराव्या सेक्टरमध्ये एक नोंद असते. ती एका छोट्या यादीकडे बोट दाखवते आणि त्या यादीत लिहिलेलं असतं की बूट करायचा माल डिस्कवर कुठे ठेवलाय. जुन्या मशीनमधल्या बायोससाठी वेगळी नोंद, नव्या मशीनमधल्या यूईएफआयसाठी वेगळी. दोन्ही म्हणजे फर्मवेअर, मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम. जुना बायोस त्याच्या नोंदीतला कोड उचलतो आणि थेट चालवतो. यूईएफआयला मात्र फॅट (फाइली साठवायची एक साधी पद्धत) स्वरूपातली एक छोटी इमेज लागते, आणि तिच्यात ईएफआय, मग बूट, अशा फोल्डरमध्ये 'बूटएक्स६४.ईएफआय' नावाची फाइल. ६४-बिट फर्मवेअर नेमकी हीच फाइल शोधतं. नाही सापडली तर बहुतेक मशीन्स काही न बोलता बूट ऑर्डरमधल्या पुढच्या डिव्हाइसकडे, म्हणजे हार्ड डिस्ककडे वळतात. माणसाला वाटतं डिस्क वाचलीच नाही.

दादाने लिनक्सची इमेज, म्हणजे डिस्कवर राइट करायची फाइल, घेतली होती ३२-बिटची. का, तर "रॅम ४ जीबी आहे, मग ३२-बिटच घ्यायचं असतं". हा समज कुठून पसरला देव जाणे. मशीन ६४-बिटचं असेल तर रॅम २ जीबी असली तरी ६४-बिट चालतं. प्रश्न फर्मवेअरला कोणती फाइल लागते याचा आहे. त्या डिस्कवर फक्त बायोसची नोंद होती. मी ती विंडोजमध्ये उघडली, तर ईएफआयचं फोल्डरच नाही. ६४-बिटची इमेज उतरवली, त्याच पाकिटातल्या कोऱ्या डिस्कवर राइट केली, आणि बूट मेन्यूत 'यूईएफआय' ने सुरू होणारी ओळ लगेच दिसली. इन्स्टॉल झालं. दादा काय म्हणाला? "बघ, ही डिस्क चांगली लागली."

आजही चारचौघांत तो हेच सांगतो, की त्या पाकिटातल्या सगळ्या डिस्क सडक्या निघाल्या. त्या 'सडक्या' डिस्क मी त्याच्यासमोर जुन्या डेस्कटॉपवर एकेक करून बूट करून दाखवल्या. त्यावर उत्तर: "जुने ड्राइव्ह दणकट असायचे." पुढे काय बोलणार! म्हणून तुमच्या प्रश्नातलं "जुन्या डेस्कटॉपवर बूट होते" हे वाचलं आणि राहवलं नाही. जी डिस्क एका मशीनवर शेवटपर्यंत बूट होते, तिच्यावर शेवटचा संशय घ्यायचा, पहिला नाही.

आता तुमचं. इमेजच्या नावात आय३८६ (म्हणजे ३२-बिटच) किंवा ३२ असं काही आहे का बघा. उबंटूने २०१७ च्या १७.१० पासून ३२-बिटची डेस्कटॉप इमेज देणं बंद केलं, पण लोकांकडे जुन्या इमेज साठवलेल्या असतात आणि त्याच वाटल्या जातात. ६४-बिटची असूनही होत नसेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि 'यूज अ डिव्हाइस' मध्ये ड्राइव्ह दिसतो का पाहा. फास्ट बूट चालू असेल तर काही लॅपटॉप सुरू होताना ड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाहीत, ते सेटिंग बंद करा. बूट मेन्यूत यूईएफआयची ओळ दिसते, निवडल्यावर सही किंवा सिक्युरिटीबद्दल काहीतरी लाल अक्षरांत येतं, तर तो सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही सुरू न होऊ देणाऱ्या सेटिंगचा अडथळा. उलटा प्रकारही असतो: २०१३-१४ च्या सुमाराचे अ‍ॅटमवाले छोटे टॅबलेट, प्रोसेसर ६४-बिट पण फर्मवेअर ३२-बिट. त्यांना 'बूटआयए३२.ईएफआय' लागते.

डिस्क कधीच खराब नसते असं नाही म्हणत मी. सुरू होऊन मध्येच 'इमेज चेकसम एरर' आली, किंवा फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासायचा आकडा) साइटवरच्याशी जुळलाच नाही, तर खुशाल नवी करा. दिवाच लागत नसेल, तर ड्राइव्हच्या जोडणीपासून सुरुवात करा. आणि फोल्डर दिसलं म्हणजे झालं असंही नाही, फर्मवेअर डिस्कवरच्या बूटच्या यादीतली नोंद बघतं, तुम्हाला दिसणारं फोल्डर नव्हे.

पेन ड्राइव्हचं विचारलंत. करा, वेगाने होईल. पण तीच ३२-बिटची इमेज टाकलीत तर पेन ड्राइव्हही तुम्हाला विंडोजच दाखवणार.

एक राहिलंच. सिक्युअर बूट बंद करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा आणि असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती ४८ आकडी की मागत बसेल. आणि कुणी लेगसी मोड (यूईएफआयला जुन्या बायोससारखं वागायला लावणारं सेटिंग) लावून मोकळं व्हा म्हणालं तर ऐकू नका. डिस्क बूट होईलही, पण आत्ताचं विंडोज यूईएफआयने टाकलेलं असेल तर त्या मोडमध्ये ते उठणार नाही, आणि दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर दर वेळी सेटिंग बदलत बसाल. दादाने तेही करून पाहिलं होतं, दुसऱ्या एका मशीनवर.