जंगलातल्या सावलीत झाडं जगतात कशावर?

प्रश्न: दाट जंगलात भर दुपारीही जमिनीवर अंधारच असतो, तरी नेचे, आंबुशी, शेवाळ सगळं हिरवंगार, हे कसं काय? आणि मी कुंडीतलं नेचं मुद्दाम छान उन्हात ठेवलं तर आठवड्यात करपलं, असं का झालं?

उत्तर: प्रेमापोटीच ठेवलंत हो, पण नेमकं तेच त्याला सोसलं नाही. गर्द वर्षावनात वरच्या उजेडातला जेमतेम १ ते २ टक्के खाली पोचतो आणि तोही गाळलेला, कारण कामाचा लाल आणि निळा प्रकाश उंच झाडांच्या पानांनी आधीच खाल्लेला असतो. मग उरतात कवडसे. वरची फांदी हलली की उन्हाचा एक तुकडा खाली पडतो, कधी काही सेकंद, कधी काही मिनिटं, आणि या झाडांच्या दिवसभराच्या कमाईतला मोठा वाटा तेवढ्यावरच असतो! बराच वेळ सावलीत असलेलं पान कवडसा पडल्या पडल्या पूर्ण जोरात चालत नाही, त्याला काही मिनिटं लागतात, पण एकदा सुरू झालं की उजेड गेल्यावरही थोडा वेळ तयारीत राहतं, म्हणून पाठोपाठ आलेला दुसरा कवडसा त्याला जास्त लाभतो. मला तर हे वाचल्यापासून जंगलात खाली बघूनच चालावंसं वाटतं.

पण जास्त ऊन यांना खरंच बाधतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेडवूडच्या जंगलात आंबुशीची एक जात आहे, तिच्यावर कडक ऊन आलं की तिन्ही पानं काही मिनिटांत छत्रीसारखी खाली मिटतात आणि ऊन सरकलं की परत पसरतात. तुमच्या नेच्याला अशी सोय नाही, त्याचं पान पातळ, पचेल त्यापेक्षा जास्त प्रकाश आला की पानातली प्रकाश पकडायची यंत्रणाच बिघडते, त्यात कोरडी हवा, मुळांनी पाणी वर पोचवायच्या आत पानातून उडून जातं. शेवाळाला तर मुळंच नसतात, ते अंगभर पाणी शोषतं, म्हणून ओल आहे तिथेच चिकटून बसतं.

नेचं लगेच फेकू नका. करपलेली पानं कापा, मातीतलं खोड हलवू नका, कुंडी सावलीत आणा, माती ओलसर ठेवा, चिखल नको. खोड जिवंत असेल तर मधोमध गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला कोंब वर येईल.