लेण्यांची सवय आणि गुहेतला अंधार

प्रश्न : आम्ही चार मित्र नुकतेच नोकरीला लागलो असून, पाठीवर सॅक टाकून पंधरा दिवस व्हिएतनाम पाहण्याचा आमचा बेत आहे. जानेवारीअखेरीस सुट्टी मिळू शकते. न्हा त्रांगच्या समुद्रात स्कूबा (टाकीतील हवा घेत पाण्याखाली मारायची बुडी), झिपलाइन (उंच ताणलेल्या दोरावरून घसरत जाणे) आणि फोंग न्हा येथील गुहा, असे तिन्ही करावयाचे आहे. पितळखोरे आणि अजिंठा लहानपणापासून पाहिल्यामुळे गुहांची भीती वाटत नाही. मात्र एका मित्राला पोहता येत नाही आणि घरची मंडळी काळजीत आहेत. आम्ही काय लक्षात ठेवावे?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचा बेत चांगला आहे आणि तो जरूर पार पडावा. परंतु पितळखोऱ्यामुळे भीती वाटत नाही, या तुमच्या वाक्यापाशी मला आधी थांबावेसे वाटते. पितळखोरे असो वा अजिंठा, ती माणसाने बेसॉल्टच्या कातळात माणसासाठीच कोरलेली लेणी आहेत. तेथे पायाखाली सपाट जमीन असते आणि मागे वळले की दारातला उजेड दिसतो. फोंग न्हाच्या गुहा चुनखडीच्या आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि लक्षावधी वर्षे तो खडक विरघळवीत राहते. म्हणजे गुहेतील वाट ही पाण्याने स्वतःसाठी केलेली वाट असते, आणि पावसाळ्यात ते पाणी आपल्या वाटेने परत येते.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेत हेच घडले. 23 जून 2018 रोजी फुटबॉल खेळणारी 12 मुले आणि त्यांचे प्रशिक्षक आत गेले, पावसाने परतीची वाट बुडाली आणि शेवटचा मुलगा बाहेर यायला 10 जुलै उजाडला. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथे पाणी उपसण्याच्या कामात साहाय्य करीत होते. त्या प्रयत्नांत थायलंडच्या नौदलातील एका माजी पाणबुड्याचा मृत्यू झाला. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. गुहेच्या बाबतीत महिना निवडणे हा सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो, एवढ्यासाठी सांगतो. मध्य व्हिएतनाममध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर मोठा पाऊस आणि पूर असतात. जानेवारीअखेर त्या मानाने बरी. परंतु तेव्हा थंडी असते, समुद्र पुरता शांत झालेला नसतो आणि ‘तेत’ हे त्यांचे नववर्ष त्या सुमारास आले तर पुष्कळ व्यवहार बंद राहतात. सुट्टी मार्च-एप्रिलपर्यंत पुढे ढकलता आली तर ढकलावी. आपल्याकडे त्या दिवसांत ऊन तापू लागलेले असते, तेही चुकेल.

कोणती गुहा, हेही ठरवून जावे. सोन डोंग ही जगातील सर्वांत मोठी मानली जाणारी गुहा याच परिसरात आहे. 2009 मध्ये तिची शास्त्रीय पाहणी झाली. परंतु तेथील सफर चार दिवसांची, मोजक्याच लोकांसाठी आणि माणशी दोन लाख रुपयांहून अधिक खर्चाची असते. पहिल्या खेपेला तिच्या मागे लागू नये. ‘पॅराडाइज’ गुहेत सुमारे एक किलोमीटर लाकडी वाट बांधलेली आहे, त्यामुळे पोहता न येणाऱ्या मित्रासह चौघांनाही ती पाहता येते. ‘डार्क केव्ह’मध्ये झिपलाइन आणि चिखलातील स्नान दोन्ही आहे, मात्र तेथे पाण्यात उतरावे लागते, तेव्हा मित्राला पोहता येत नाही हे नोंदणी करतानाच स्पष्ट सांगावे.

झिपलाइनवर तुमचा भार दोर आणि तो बांधणारा माणूस उचलतो, आणि थोड्या वेळात सारे आटोपते. गुहेत मात्र जितके आत गेलात तितकेच स्वतःच्या पायांनी बाहेर यावे लागते. मेघालयात सोहराजवळच्या एका गुहेत मी सुती पँट घालून गेलो होतो. गुडघाभर पाण्यातून तासभर चालल्यावर ती पायांना अशी चिकटली की बाहेर ऊन असताना आत माझे दात वाजू लागले. वाटाड्याने सर्वांना दिवे मालवायला सांगितले तेव्हा डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा तळहातही दिसेना. तेव्हापासून हेल्मेटवरच्या दिव्याखेरीज दुसरी बॅटरी खिशात असल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही, आणि मोबाइलचा उजेड त्यात धरत नाही. जीन्स नको, लवकर वाळणारे कपडे आणि ओले झाले तरी पकड न सोडणारे बूट घ्यावेत. पाच-सहा किलोंची सॅक घेऊन पाटणादेवीजवळचा कण्हेरगड दोन-तीनदा चढून-उतरून पाहिला, तर कोणाचा गुडघा कुरकुरतो हे इथेच कळेल. शिवाय चौघांपैकी कोणीही, कोणत्याही क्षणी, ‘मी येथून परत फिरतो’ म्हणाला तर त्याला एका शब्दानेही चिडवायचे नाही, हे निघण्यापूर्वी ठरवून टाकावे.

स्कूबा केल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नये. पाण्याखालच्या दाबामुळे शरीरात विरघळलेला हवेतला नायट्रोजन बाहेर पडण्यासाठी एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अधिक बुड्या मारल्यास 18 तास जाऊ द्यावेत. प्रवास विम्याच्या साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. तुम्ही जे करणार आहात त्यांची नावे पॉलिसीत आहेत की नाहीत, हे हप्ता भरण्यापूर्वी वाचावे.

घरच्यांना गुहेचे नाव, नेणाऱ्या संस्थेचा फोन आणि बाहेर येण्याची वेळ लिहून द्यावी. गुहेत मोबाइल लागत नाही, हे आईला आधीच सांगावे; आणि व्हिएतनामचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास असल्याने ती वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे लिहावी.