डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांना शांततेचं नोबेल नेमकं कशासाठी मिळालं? दवाखाना चालवला म्हणून?

दवाखाना हे एक कारण, पण तेवढंच नाही. श्वाइट्झर मूळचे आज फ्रान्समध्ये असलेल्या अल्सास प्रांताचे, धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि जर्मन संगीतकार बाखचं संगीत वाजवणारे नावाजलेले ऑर्गनवादक. तिशीत वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि १९१३ मध्ये पत्नी हेलेनसह आफ्रिकेत, आजच्या गॅबॉन देशातल्या लांबारेने इथे गेले. पहिला दवाखाना चक्क कोंबड्यांच्या खुराड्यात!

१९१५ मध्ये ओगोवे नदीतून बोटीने जाताना, पाणघोड्यांच्या कळपाजवळ, त्यांना 'जीवनाविषयी आदर' हे शब्द सुचले. मी जगू पाहणारा जीव आहे आणि माझ्याभोवतीही जगू पाहणारेच जीव आहेत, असा त्याचा गाभा. आपल्याला यात अहिंसा दिसेल. भारतीय विचारांवर, जैनांच्या अहिंसेवरही त्यांनी लिहिलंय; मात्र नुसतं 'मारू नका' त्यांना पुरेसं वाटत नव्हतं, मदतीला धावणंही त्यात हवं होतं.

१९५२ चं नोबेल त्यांना १९५३ मध्ये जाहीर झालं. त्या पैशांतून कुष्ठरोग्यांची वसाहत उभी राहिली. माझ्या मते शांततेसाठीचं त्यांचं खरं काम त्यानंतरचं: १९५७ मध्ये ऑस्लो रेडिओवरून त्यांनी अणुचाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं, तेही वयाच्या ८२ व्या वर्षी.

आफ्रिकन माणसाला ते 'धाकटा भाऊ' समजत, ही टीका रास्तच आहे. त्यांना मखरात बसवण्याची गरज नाही. १९६५ मध्ये लांबारेनेतच ते गेले, तिथेच त्यांची कबर आहे.