विचारा की! वाचनालयांचे प्रश्न, पावसाळी खेप

मागच्या अंकात वाचनालयांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं, आणि पत्रांचा ढीगच आला. निम्मी तर व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट, मागं कुकरची शिट्टी आणि कोंबडा पण ऐकू येतोय. जागा असेल तितकी घेतलीत, राहिलेल्यांनी रुसू नका.

खानापूर तालुक्यातले एक शिक्षक लिहितात: ताई, आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात कपाटं आहेत, पुस्तकं पण आहेत, पण सगळी कन्नड. कन्नडला आमची ना नाही, पोरं वाचतात. पण गावात मराठी घरं भरपूर, म्हाताऱ्या माणसांना कन्नड वाचता येत नाही, त्यांनी नुसता पेपर चाळून घरी जायचं काय? कुणाकडं जायचं ते सांगा की.

सर, आधी घरपट्टीची पावती शोधा. चेष्टा नाही करत. तिच्यात घरपट्टीखाली बारीक अक्षरात उपकर असतात, त्यात एक ओळ ग्रंथालय कराची. आपल्या कर्नाटकातला १९६५ सालचा कायदा आहे हा, तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, आणि आज मालमत्ता करावर ६ टक्के हा उपकर लागतो, म्हणजे हजार रुपये कर असेल तर साठ रुपये वाचनालयाचे. त्याच पावतीत भिक्षुक कर म्हणून पण एक ओळ सापडेल, ती बघून सगळे हसतात, वरच्या ओळीकडं कुणाचं लक्षच नसतं. महाराष्ट्रात असा कर नाही, तिथं १९६७ चा कायदा आहे आणि सरकार संस्थांच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान देतं. आपल्याकडं मात्र आपण आधीच पैसे भरलेत, म्हणून मागायला जाताना हात जोडून जायची गरज नाही, पावती खिशात असू दे.

आता कुणाकडं. इथंच लोक चुकतात, तालुक्याला जातात, तिथून जिल्ह्याला, आणि मग वैतागून सोडून देतात. ग्रामपंचायतीची वाचनालयं आता ग्रंथालय खात्याकडं नाहीत, काही वर्षांपूर्वी ती ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडं गेली, त्यांना आता अरिवु केंद्र (ज्ञान केंद्र) म्हणतात, म्हणजे तुमचा माणूस पंचायतीतला पीडीओ, पंचायत विकास अधिकारी. शहरातलं वाचनालय असेल तर मात्र ग्रंथालय खातं.

अर्जात नुसतं "मराठी पुस्तके द्यावीत" असं लिहू नका, त्यावर "पाहू" एवढंच उत्तर येतं. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत अशी यादी करा, वीस-पंचवीस नावं बास, आणि खाली सही करणाऱ्यांचे सभासद नंबर लिहा. सभासदच नसतील तर आधी सभासद व्हा, ६ ते १८ वयाच्या पोरांना पंचायतीच्या वाचनालयात सभासदत्व फुकट आहे, २०२० मधल्या ओदुव बेळकु योजनेपासून. अर्ज कन्नडात लिहा आणि यादी मराठीत जोडा. काही जणांना हे पटणार नाही मला माहीत आहे, पत्रं येतील परत, पण जो माणूस फाईल पुढं सरकवणार त्याला ती वाचता यायला पाहिजे ना. पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. महिनाभर काहीच हालचाल नसेल तर माहिती अधिकार, फी १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढंच चालतं, त्यामुळं गाऱ्हाणं लिहीत बसू नका, दोनच गोष्टी विचारा, मागच्या वर्षी ग्रंथालय कर किती जमा झाला आणि त्यातून कुठल्या भाषेत किती पुस्तकं घेतली.

आणि एक, हे कुणी सांगत नाही. असलेली चार मराठी पुस्तकं घरी न्या. आपली माणसं काय करतात, तिथंच बाकावर बसून वाचतात आणि जाताना परत कपाटात ठेवतात, किती सभ्य! पण देवघेवीच्या वहीत त्याची नोंदच होत नाही, मग वर्षाच्या शेवटी वही उघडली की मराठीच्या पुढं शून्य, आणि साहेब म्हणणार की इथं मराठी वाचतंय कोण. वहीत नाव, नंबर, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख एवढेच रकाने असतात, पण नवीन पुस्तकांचा निर्णय त्या रकान्यांवर होतो.

बेळगाव शहरातून एक आजोबा विचारतात: येत्या काळात वाचनालयांचे काय काय कार्यक्रम असतात? आम्हाला झाल्यावर पेपरातून कळतं.

आजोबा, तारखा ठरलेल्या असतात, त्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा म्हणजे पेपरची वाट बघायला नको. पहिला १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन, एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १८९२ चा. ग्रंथालयशास्त्रातला आपल्या देशातला सगळ्यात मोठा माणूस, जन्म तमिळनाडूतला पण उतारवयात बंगळुरात राहिले आणि १९६२ साली तिथंच ग्रंथालयशास्त्राचं संशोधन केंद्र काढलं. मग १५ ऑक्टोबर, अब्दुल कलाम यांचा वाढदिवस, तो महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून असतो आणि आपल्याकडच्या मराठी शाळा पण करतात. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, सगळ्यात मोठा, सरकारी वाचनालयात प्रदर्शन वगैरे याच आठवड्यात. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन.

मधल्या थंडीत तर आपल्या भागात चंगळ असते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, गावागावात साहित्य संमेलनं, ग्रंथदिंडी, डोक्यावर फेटे, बायकांची लेझीम. अखिल भारतीय संमेलन पण बेळगावात झालंय, १९२९ साली शि. म. परांजपे अध्यक्ष होते आणि १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर, तेव्हा ही हौस नवीन नाही. गावच्या संमेलनात भाषणं लांबली तर लांबू द्या, तुम्ही पुस्तकांच्या स्टॉलवर जावा, सवलत चांगली मिळते आणि वाचनालयाच्या माणसाला सोबत नेलात तर तो तिथंच मागणी लिहून घेतो.

माझं स्पष्ट मत सांगू? फोटोला हार, पाहुण्यांना शाल, चहा-शिरा आणि घरी, असला ग्रंथपाल दिन झाला काय आणि न झाला काय सारखंच. त्यापेक्षा शनिवारी दुपारी एका आजीनं पोरांना तासभर गोष्टी वाचून दाखवल्या तर त्याला खर्च शून्य. तुम्हीच करा की सुरू, आजोबा असलात म्हणून काय झालं.

निपाणीहून एक ताई: सासऱ्यांची दोन लोखंडी कपाटं पुस्तकं आहेत, घर पाडून नवीन बांधूलालोय, रद्दीत घालायला जीव होत नाही. वाचनालय घेतंय काय?

घेतं, पण पोत्यात भरून दारात आणून टाकू नका, ग्रंथपालाला घाम फुटतो. आधी घरीच वेगळं करा. जुनी गाईडं, जुने अभ्यासक्रम, डायऱ्या रद्दीत जाऊ देत, काही पाप लागत नाही. राहिली त्यांची यादी करा, नाव, लेखक, साल, अवस्था, आणि यादीचा फोटो वाचनालयाला पाठवा, त्यांना पाहिजे ती ते खूण करून देतील. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर तिन्ही कुणी घेणार नाही.

दिवाळी अंक असतील तर मात्र थांबा. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या मनोरंजननं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून किती निघाले आणि किती रद्दीत गेले. जुने सलग अंक असतील तर ते संशोधन करणाऱ्यांना लागतात, त्यांच्यासाठी गावच्या वाचनालयापेक्षा मोठी जुनी संस्था बघा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, म्हणजे आपल्या देशात पहिली प्रवासी रेल्वे धावली १८५३ ला, त्याच्याही आधीचं, अशा ठिकाणी जुनं जपायची सवय असते. घेतील की नाही ते त्यांच्या जागेवर, विचारून मगच न्या.

आणि पावसात हलवाहलव करू नका हो. आपल्याकडच्या पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेलं पुस्तक आतून घामेजतं आणि आठवड्यात बुरशी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पुस्तकं सावलीत वाऱ्याला उघडी उभी करा, मऊ कोरड्या फडक्यानं पुसा. कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडून कडकडीत होतो. पान उलटताना मातीची बारीक रेघ दिसली तर ती वाळवी, नुसती कुरतडलेली कड आणि चंदेरी किडा दिसला तर कसर. वाळवी लागलेलं पुस्तक वेगळंच ठेवा, ते दान करू नका, तसलं एक पुस्तक आत गेलं की तिथलं अख्खं कपाट जातं. आत सासऱ्यांची सही असेल तर फाडू नका पण, वाचनालय त्याच पानावर आपला शिक्का मारतं, दाखल नंबर घालतं, आणि आत एका ठरलेल्या पानावर दुसरा शिक्का असतो, चोरी झाली तर ओळखायला. सासऱ्यांची सही आणि तो नंबर एका पानावर बसला तर बिघडलं कुठं?

वडगावची एक आई: पोरगा दिवसभर मोबाईल बघूलालाय. मोबाईलवरच वाचायला काही आहे काय? कन्नड मीडियमला आहे, मराठी बोलतो फाडफाड पण वाचायला सांगितलं की पळतो.

पळणारच, त्याला अक्षरंच सवयीची नाहीत, बिचाऱ्याला ओरडू नका. प्रथम बुक्स म्हणून बंगळुरूची संस्था आहे, २००४ पासूनची, त्यांचं स्टोरीवीव्हर म्हणून मोकळं व्यासपीठ आहे २०१५ पासून, तिथं चित्रांच्या गोष्टी फुकट, मराठीत पण आणि कन्नडात पण. एकच गोष्ट आधी कन्नडात वाचू दे, त्याला येतं ते, मग तीच मराठीत, चित्रं तीच असल्यामुळं अर्थाला अडखळत नाही, फक्त अक्षरांशी झटापट करायची. रोज एकच. डाऊनलोड करून छापून घ्यायला पण परवानगी आहे. नॅशनल बुक ट्रस्टची बारीक पुस्तकं पण दोन्ही भाषांत निघतात, किंमत परवडते, तुमच्या वाचनालयाच्या मागणी यादीत तीच घाला.

कर्नाटक सरकारची डिजिटल लायब्ररी २०२० पासून आहे, मोबाईल नंबरवर नोंदणी, फुकट. पण त्यात कन्नड आणि इंग्रजीचा भरणा आहे, अभ्यासाला उत्तम, मराठी गोष्टींसाठी गेलात तर निराशा होईल. मोठं झाल्यावर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, बालभारतीची पुस्तकं पण पीडीएफमध्ये मिळतात.

ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल मात्र एक सांगते कारण तीन-चार जणांनी विचारलंय. लेखक गेल्यापासून ६० वर्षं लेखनावर हक्क (कॉपीराइट) असतो, गेल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळं त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं. पण गेल्या वर्षी आलेली कादंबरी स्कॅन करून "फक्त आपल्या ग्रुपसाठी" म्हणून पाठवणं ही सरळ चोरी, आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच किती छोटी असते ते प्रकाशकाला विचारा.

चंदगडची लेक, बेळगावची सून: आधार कार्ड माहेरचं आहे. इथं सभासद होता येईल?

होता येईल, इथल्या पत्त्याचा दुसरा कुठला तरी पुरावा न्या, लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं पत्र सोबत चालतं का ते काउंटरवर विचारा. अनामत रक्कम असते, सोडताना परत मिळते, पावती तेवढी फाटू देऊ नका. आत गेल्यावर पुस्तकं सापडत नसतील तर ड्युईचे नंबर बघा, म्हणजे विषयवार पुस्तकं लावायचे आकडे, जिथं ती पद्धत आहे तिथं मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि कन्नड ८९४.८१४ ला, म्हणजे साधारण एकाच रांगेत, एका बाजूनं चालत गेलात की दोन्ही लागतात.

एक विद्यार्थी, नाव नको म्हणालाय: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, वाचनालयात जागा मिळत नाही, सकाळी कुणीतरी वह्या ठेवून जागा धरतं आणि स्वतः चहाला.

हे सगळीकडं आहे बाळ. एकट्यानं भांडू नको, वाईटपणा येतो. दहा-बारा जण मिळून ग्रंथपालांना अर्ज द्या की अर्धा तास रिकामी जागा मोकळी धरावी असा बोर्ड लावा, आणि परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळची वेळ वाढवून मागा. वेळ वाढवायला माणूस लागतो, तो द्यायला वरची परवानगी लागते, म्हणून अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आत्ता द्या.