स्कूल बोर्डाचा उमेदवार कसा पारखावा?

नोव्हेंबरचं मतदान जवळ आलं की न्यू जर्सीतल्या वाचकांची पत्रं स्कूल बोर्डाकडे वळतात. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं न्यू जर्सीपुरती आहेत; इतर राज्यांत नियम वेगळे असतात.

प्रश्न : आमच्या टाऊनमध्ये तीन जागांसाठी सात उमेदवार आहेत. सगळ्यांच्या फ्लायरवर ‘मुलांचं हित आधी’ असंच काहीबाही. यांच्यातला फरक ओळखायचा कसा?

आधी बोर्डाच्या हातात काय असतं ते पाहा, म्हणजे निम्मी आश्वासनं आपोआप गळून पडतात. बोर्ड बजेट मंजूर करतं, सुपरिंटेंडंट (सगळ्या शाळांचा मुख्य प्रशासक) नेमतं, शिक्षकांच्या युनियनशी करार करतं, शाळेचं कॅलेंडर आणि धोरणं ठरवतं. अभ्यासक्रमालाही मंजुरी बोर्डाचीच, पण कोणत्या इयत्तेत काय यायला हवं याची चौकट राज्याची. नेमणुका सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय होत नाहीत. तेव्हा ‘अमुक प्रिन्सिपलला मी घरी बसवतो’ म्हणणाऱ्याला एक तर कायदा ठाऊक नाही किंवा तो तुम्हाला गृहीत धरतोय.

उमेदवार सध्या बोर्डावर असेल तर फ्लायर बाजूला ठेवा आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचे मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) उघडा. तिथे कोणी काय मत दिलं ते नावानिशी असतं. नवख्या वाचकाची फसगत होते ती ‘कन्सेंट अजेंडा’पाशी. बिलं, बदल्या, फील्ड ट्रिप असे कितीतरी विषय एकाच मताने मंजूर होतात. तिथला ‘येस’ काहीच सांगत नाही. जे विषय यादीतून बाहेर काढून वेगळे मताला टाकले, तेवढेच वाचा. बजेट, शाळांच्या हद्दी बदलणं, सुपरिंटेंडंटचा करार, बांधकामाचं कर्ज. ‘अब्स्टेन’ (मत न देता तटस्थ राहणं) दिसलं की लगेच पळपुटा ठरवू नका. नवरा किंवा बायको त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला असेल, तर त्या विषयापासून लांब राहणं हेच नियमाला धरून आहे. मात्र असं काही नसताना प्रत्येक अवघड ठरावाला अब्स्टेन असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

नवा उमेदवार असेल तर एकच प्रश्न विचारा : ‘बजेटमध्ये काय कापाल?’ शाळेसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. याला काही अपवाद आहेत, पण मोजकेच. आरोग्य विम्याचा हप्ता, स्पेशल एज्युकेशन, बस यांचा खर्च त्याहून वेगाने वाढला की तूट दुसरीकडून भरावी लागते. शिवाय नोव्हेंबरमध्ये निवडणूक घेणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये या मर्यादेतलं बजेट मतदारांपुढे येतच नाही, बोर्डच त्यावर शेवटची मोहोर उठवतं. ‘टॅक्सही कमी करू आणि वर्गही लहान करू’ असं म्हणणाऱ्याला डिस्ट्रिक्टचं ‘यूझर फ्रेंडली बजेट’ (लोकांसाठीचा बजेटचा सोपा गोषवारा) दाखवा आणि कोणती ओळ खोडणार ते विचारा.

आणि हो, आडनाव ओळखीचं आहे एवढ्यावर मत देऊ नका. गणेशोत्सवात भेटतात म्हणून बजेट वाचता येतंच असं नाही.

प्रश्न : उमेदवाराची पार्श्वभूमी कुठे तपासायची? कोणी तपासतं की नाही?

अर्ज भरताना अटी साध्या असतात : अमेरिकन नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, त्याच डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचा रहिवास, मतदार नोंदणी आणि बोर्डाशी कसलाही व्यावसायिक करार किंवा दावा नसणं. गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते, पण निवडून आल्यानंतर, ३० दिवसांच्या आत सुरू करायची असते. शिक्षण, नोकरी, अनुभव याबद्दल फ्लायरवर लिहिलेलं कोणी पडताळत नाही. ते काम तुमचंच.

प्रचाराच्या पैशांचा माग ‘इलेक’ या निवडणूक खर्चावर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाच्या वेबसाइटवर लागतो. मतदानाच्या २९ दिवस आधी, ११ दिवस आधी आणि नंतर २० दिवसांनी अहवाल येतात. २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव त्यात असतं. खर्च अगदी थोडा असेल तर उमेदवार नुसता छोटा फॉर्म भरून मोकळा होतो, म्हणून अहवाल दिसला नाही तर लगेच संशय घेऊ नका. ११ दिवसांचा अहवाल जरूर बघा, मोठ्या देणग्या पुष्कळदा शेवटी येतात. विद्यमान सदस्य दरवर्षी उत्पन्नाचे स्रोत आणि डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला असलेले नातेवाईक जाहीर करतात, तेही सार्वजनिक आहे.

प्रश्न : एक उमेदवार आठवीत सगळ्यांनाच अल्जेब्रा देऊ म्हणतोय. आमची मुलगी गणितात पुढे आहे. पाठिंबा द्यावा का?

तुमच्या मुलीला पुढचं गणित मिळावं यासाठी सगळ्यांना ते देण्याची गरज नाही. न्यू जर्सीत २०२० साली झालेल्या गिफ्टेड अँड टॅलेंटेड कायद्यानुसार प्रत्येक डिस्ट्रिक्टला बालवाडीपासून बारावीपर्यंत अशी पुढे असलेली मुलं ओळखावी लागतात, तीही एकाच परीक्षेवरून नाही, आणि निवडीचे निकष वेबसाइटवर ठेवावे लागतात. ते सापडले नाहीत तर बोर्डाकडे लेखी तक्रार करता येते.

‘सगळ्यांना अल्जेब्रा’ फसतं ते आठवीत नव्हे, सहावीत. अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या कच्च्या राहिल्या की आठवीत मूल नुसती सूत्रं पाठ करतं आणि हायस्कूलमध्ये तोच विषय पुन्हा घेतं. उमेदवाराला विचारा : सहावी-सातवीत जादा तास कुठून काढणार? शिकवायला गणिताचे शिक्षक किती आहेत? आठवीतच जॉमेट्रीला पोचलेल्या मुलांसाठी वर्ग भरणार की बसने हायस्कूलला पाठवणार? तिन्हींची उत्तरं असतील तर माणसाने घरचा अभ्यास केलाय.

प्रश्न : दिवाळीची सुट्टी मिळवून देऊ असं दोघे म्हणतात. हे बोर्डाच्या हातात आहे?

आहे. एडिसनसह बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ती मिळतेही. पण राज्याच्या अनुदानासाठी १८० दिवस शाळा भरावीच लागते, त्यामुळे एक दिवस दिला की तो जून लांबवून नाहीतर दुसरी सुट्टी कापून भरून काढावा लागतो. कोणती, ते विचारा. शाळा चालू असली तरी राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे. पालकांची चिठ्ठी दिली की ती गैरहजेरी मुलाच्या विरोधात धरत नाहीत आणि चुकलेली परीक्षा पुन्हा द्यायची संधी मिळते.

प्रश्न : आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. आम्ही काय करू शकतो?

मत नाही आणि देणगीही नाही. परदेशी नागरिकाने स्थानिक निवडणुकीतही पैसे देणं फेडरल कायद्याने बंद आहे. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, मत नाही. लायसन्सच्या कामाला एमव्हीसीत (मोटर व्हेइकल कमिशनच्या ऑफिसात) गेलात तर मतदार नोंदणीला स्पष्ट नकार द्या. नागरिक नसताना नोंदणी झाली तर इमिग्रेशनचं प्रकरण अंगाशी येतं. बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांसाठी वेळ राखून ठेवणं बोर्डाला बंधनकारक आहे. दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून मुद्दा लिहूनच न्या.

प्रश्न : तीन मतं द्यायची असताना एकच दिलं तर बॅलट बाद होतं का?

नाही. तीनपेक्षा जास्त खुणा केल्या तर त्या पदापुरतं मत बाद होतं, कमी केल्या तर नाही. बॅलटवर पक्षाचं नाव नसतं आणि स्कूल बोर्ड पार कडेला किंवा मागच्या बाजूला असतं, तेव्हा शोधा. अर्धवट राहिलेल्या मुदतीची जागा वेगळी छापलेली असते, ती तीन जागांत मोजू नका. पोस्टाने मत देत असाल तर आतल्या पाकिटाला जोडलेल्या सर्टिफिकेटवर सही करा आणि ते फाडून वेगळं करू नका.