यूशिवायचा क्यू

स्क्रॅबलमध्ये, म्हणजे इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात, क्यू हाती आला की यूची वाट बघत अडून बसू नकोस. डाव संपेपर्यंत तो राहिला तर 10 गुण वजा! आधी पाच अक्षरी चार शब्द घोटून घे: फकीर, तलाक, निकाब, कनात. कानाला ओळखीचेच आहेत, फक्त स्पेलिंगमध्ये 'क'साठी क्यू येतो, यू नाही. एफ-ए-क्यू-आय-आर, असं मोठ्यानं म्हण. कनात मात्र आपल्या तंबूची नव्हे. इराणातला पाण्याचा भुयारी पाट.

आणि क्यू-आय ('ची', म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती) हा दोन अक्षरी शब्द जिवापाड जप. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात क्यू ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय जुळला, तर एका खेळीत 62 गुण. मला अजूनही दर वेळी तितकाच आनंद होतो.