पीडित महिलांसोबत काम करताना घरी गेल्यावरही केस डोक्यातून जात नाही. तुम्ही काय करता?

ताई, तुम्ही लिहिलंय की नंदुरबारला वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणाऱ्या सरकारी केंद्रात, लागून आठ महिने झाले आणि आता ताटावर बसलं तरी बायकांचं बोलणं कानात वाजतं. यात तुमचा कच्चेपणा काही नाही. मी जळगावला समुपदेशक आहे, बारा वर्षं झाली, मलाही ते ऐकू येतं.

आपल्याकडची एक अडचण ट्रेनिंगमध्ये कुणी काढत नाही. बाई सांगते अहिराणीत, आपण फाइलला लावतो मराठीत. अहिराणी ही माझ्या आजीची भाषा. शाळेतून आलं की ओट्यावरूनच विचारायची, 'जेवनी का माय?' त्याच बोलीत चौदा वर्षांची पोर झालेलं सांगते, तेव्हा कागदावर 'अत्याचार' एवढाच शब्द उतरतो. तिचे शब्द माझ्याकडेच राहतात.

चौथ्या वर्षी मी रात्री तीन-तीनदा उठून कडी बघायला लागले. मुलगी कोपऱ्यावर किराणा आणायला गेली तरी ओरडायचे. नवरा म्हणाला, 'घरात चौकी उघडलीस का?' राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

मी एसटीने अमळनेरला घरी जाते. पाळधी, धरणगावपर्यंत केस डोक्यात चालू द्यायची, रडू आलं तर रडायचं. मे महिन्यात खिडकीशी बसलेल्या बाईचे डोळे लाल का, असं कुणी विचारत नाही. धरणगाव सुटलं की फोन पिशवीत. दर वेळी जमतं असं नाही.

दुसरं म्हणजे, नको तितकं ऐकू नका. पोलीस, दवाखाना, मग मॅजिस्ट्रेटपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या (BNSS) कलम १८३ चा जबाब, ती बिचारी तेच तेच सांगत फिरते. एफआयआर वाचून जे कळतं ते तिला परत विचारायचं नाही. तिचेही हाल कमी, आपलेही.

आणि मन मोकळं करायला नवरा नको, कामातलीच एखादी मैत्रीण हवी. तिच्याजवळही नाव, गाव, आडनाव काढायचं नाही. खान्देशात गाव आणि आडनाव सांगितलं की माणूस सापडतोच. योगा करा, पॉझिटिव्ह राहा म्हणणाऱ्यांना मी हो म्हणून सोडून देते. महिन्यातून एकदा दोघी चहा घेऊन तासभर बसलो, त्याने मला जास्त झोप लागली.

झोपच उडाली असेल तर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी पहिल्यांदा लावला तेव्हा 'एका मैत्रिणीबद्दल विचारायचंय' म्हणाले होते. दिवसभर दुसऱ्यांना 'लाजू नका' सांगणारी मी! पलीकडच्या बाईंनी ते धरून ठेवलं नाही. 'मैत्रीण किती वाजता झोपते?' एवढंच विचारलं.